गोधडीच्या पोटात

आमच्या घरची एक गोधडी गेल्या चैत्रात धुताना फाटली. सांधायला म्हणून कड उसवली, तर आत दुसरीच गोधडी निघाली. तिचं कापड विरून जाळी झालेलं, टाके मात्र जागच्या जागी. त्या टाक्यांनीच कापड धरून ठेवलं होतं.

जीर्ण धोतर नुसतं ओढलं तरी टरकन फाटतं. तसेच चार-पाच थर एकावर एक घालून बोटाबोटाच्या अंतराने धावदोरा घातला, की तेच कापड पुढे कित्येक वर्षं पुरतं. खाली-वर नऊवारी लुगडं. मध्ये धोतर, सदरे, परकर, जे विटलं असेल ते. सारवलेल्या अंगणात हे अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हाताने सुरकुत्या काढायच्या. आधी मोठे कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे, नाहीतर मध्ये फुगा येतो. मग कडेपासून चौकोनात चौकोन शिवत मधोमध पोचायचं. ओळी फार दाट आल्या तर गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. विरळ राहिल्या तर धुण्यात आतल्या चिंध्यांचा गोळा होतो. आजी दोरा हातभरच घ्यायची, लांब दोऱ्याला गाठी पडतात म्हणून.

आणि कापड जुनंच हवं. नव्या कापडाच्या खळीत सुई अडते. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुतातून ती सरसर जाते. पॉलिएस्टरच्या साड्यांची गोधडी मला अजून पटलेली नाही. थर सरकतात, घाम जिरत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात हिलाच वाकळ म्हणतात. खाली उत्तर कन्नडात, हल्याळ-यल्लापूरकडच्या जंगलात, सिद्दी बायका कवंदी शिवतात. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक तिथून पळून सह्याद्रीत शिरले. या समाजातल्या अनेकांचे ते पूर्वज. कवंदीही जुन्या कपड्यांचीच, तीही कडेकडून आत शिवत नेतात. तिच्या चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तिकोनी चिंध्या बसवतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुला नसलेली कवंदी त्या बायकांच्या लेखी उघडीबोडकी. अंगावर घ्यायच्या वस्तूलाही नेसवावं लागतं, हे त्यांचं म्हणणं मला फार आवडतं.

आमच्या गोधडीतली ती आतली गोधडी बाहेर काढली नाही. वरून आईचं एक सुती पातळ घातलं आणि कडेपासून परत दोरा धरला. घट बसायच्या आधी गोधड्या धुवायला निघतील, तोवर मधोमध पोचायचं आहे.