श्वासमार्ग आणि सराव : १०८ सेवेच्या काळाचा मागोवा

बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडली किंवा रक्त, उलटी वा सूज यांमुळे घसा बंद झाला, की ऑक्सिजनवाचून मेंदू जेमतेम चार-पाच मिनिटे तग धरतो; म्हणून तातडीच्या उपचारांत श्वासमार्ग मोकळा राखण्याचे काम जवळजवळ सर्वांच्या आधी येते. महाराष्ट्रात हे काम रुग्णालयाबाहेर संघटितपणे नेले ते २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या आपत्कालीन वैद्यकीय सेवेने. तिचे राज्याचे नियंत्रण केंद्र पुण्यात सांगवी फाट्याजवळील औंध उरो रुग्णालयाच्या आवारात आले. सुरुवातीच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या होत्या व प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा अशी रचना होती. ही रचना मोलाची होती, परंतु तिने एक प्रश्नही उभा केला : भूलतज्ज्ञ वर्षानुवर्षे शस्त्रक्रियागृहात जे कौशल्य कमावतो, ते रस्त्याच्या कडेला, अपुऱ्या उजेडात, बहुतांशी बीएएमएस पदवीधर असलेल्या डॉक्टरांना कसे यावे?

दीर्घकाळ या कौशल्याचा अर्थ श्वासनलिकेत नळी घालण्याची हातोटी, म्हणजे इंट्युबेशन, एवढाच घेतला जाई. ही समजूत किती घातक ठरते हे ब्रिटनमध्ये दिसले : तिथे २००५ साली सायनसच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीच्या श्वासनलिकेत नळी जाईना, तेव्हा अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहिले, परिचारिकेने गळ्याला छेद देण्याचे साहित्य आणूनही ते वापरले गेले नाही आणि ती दगावली. तिचे पती मार्टिन ब्रोमिली वैमानिक होते. त्यांनी पुढे वैद्यकीय चमूंतील संवादाच्या प्रश्नाला वाहून घेतले. भारतात ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी वेळीच थांबण्याचा हाच बोध नियमांत बसवला : प्रयत्न चालू असताना नाकावाटे ऑक्सिजन सुरू ठेवावा, नळीचे प्रयत्न तीनपेक्षा जास्त करू नयेत, मग घशात बसणारे लॅरिंजियल मास्कसारखे साधन वापरावे, आणि तेही साधले नाही व ऑक्सिजन पोचेनासा झाला तर मानेच्या पुढच्या भागातून थेट श्वासनलिकेत वाट करावी.

नियम कागदावर पाठ होतो. थांबणे मात्र सरावानेच येते, आणि सिम्युलेशनचे, म्हणजे खऱ्या प्रसंगाच्या नकलेवर केलेल्या सरावाचे, खरे मोल इथे आहे. मॅनिकिनच्या, म्हणजे सरावाच्या पुतळ्याच्या, तोंडात डाव्या हातातला लॅरिंजोस्कोप (घशात पाहण्याचे साधन) धरून बसलेल्या डॉक्टरला ऑक्सिजन घटतो तसा मॉनिटरचा ‘टूं टूं’ आवाज खोल खोल जाताना ऐकू येतो, तरी डोळे घशावरून हलत नाहीत. अशा क्षणी शेजारच्याने “तीन प्रयत्न झाले, ऑक्सिजन सॅच्युरेशन ८५” असे मोठ्याने म्हणायचे असते. सरावानंतरच्या चर्चेत कोणालाही दोष न देता हाच क्षण पुन्हा तपासला जातो, आणि शिकणे बहुधा तेव्हाच घडते. २०१९ पासून एमबीबीएसच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने कौशल्य प्रयोगशाळेला अधिकृत स्थान दिले. पुढच्याच वर्षी कोविडने संपूर्ण संरक्षक पोशाखात, एकमेकांचे बोलणे नीट ऐकू येत नसताना नळी घालण्याची वेळ आणली. कॅमेरा असलेल्या व्हिडिओ लॅरिंजोस्कोपचा प्रसार तेव्हा वाढला.

तथापि मोठ्या महाविद्यालयातील सुसज्ज प्रयोगशाळा आणि चाकण-हिंजवडी रस्त्यांवर धावणारी गाडी यांत अद्याप बरेच अंतर आहे. एकदाच मिळालेले प्रमाणपत्र ते मिटवू शकत नाही, कारण क्वचित वापरले जाणारे कौशल्य काही महिन्यांतच गंजते. सराव गाडीतच, तिथल्याच साहित्यावर आणि ठरावीक काळाने व्हायला हवा. आणि त्यात डॉक्टरइतकाच चालकही, ज्याला या सेवेत पायलट म्हणतात, सहभागी असायला हवा, कारण रस्त्याकडेला गाडी उभी असताना सक्शनची नळी हातात देणारा दुसरा माणूस बहुधा तोच असतो.