छिन्नमनस्कता, बोधनक्षमता आणि स्मार्टफोन

छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया म्हटले की कानात ऐकू येणारे आवाज आणि निराधार संशय हीच लक्षणे चटकन आठवतात. परंतु रुग्णाचे शिक्षण अर्धवट राहते, नोकरी टिकत नाही किंवा सुट्या पैशांचा हिशेबही जमेनासा होतो, त्यामागे बहुधा बोधनक्षमतेतील घट असते. लक्ष देणे, लक्षात ठेवणे, योजना आखणे आणि वेळेत निर्णय घेणे या मेंदूच्या क्रियांना मिळून बोधनक्षमता म्हणतात. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच या ऱ्हासावर बोट ठेवले होते. तरीही १९५० नंतर आलेल्या औषधांनी भास आटोक्यात आणले, पण बोधनक्षमतेसाठी त्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

ही घट मोजण्यासाठी संशोधनात ‘मॅट्रिक्स’ हा दहा चाचण्यांचा संच प्रमाण मानला जातो. त्याला तासाभराहून अधिक वेळ आणि प्रशिक्षित परीक्षक लागतो, आणि आदल्या रात्री रुग्णाला झोप लागली नव्हती की औषधाची गुंगी उतरली नव्हती, हे त्या दिवसाच्या गुणांवरून कळत नाही.

स्मार्टफोनचे खरे मोल इथे आहे. बॉस्टनच्या बेथ इस्राएल डिकनेस मेडिकल सेंटरमध्ये मनोविकारतज्ज्ञ जॉन टोरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘माइंडलॅम्प’ या अ‍ॅपमध्ये पडद्यावर विखुरलेली, अंक घातलेली रत्ने क्रमाने टिपण्याचा खेळ आहे. त्याच्या पहिल्या प्रकारात नजरेचा व हाताचा वेग कळतो. दुसऱ्यात रत्नांचे निरनिराळे प्रकार आलटूनपालटून टिपावे लागत असल्याने मनाची लवचीकता, म्हणजे एक नियम सोडून दुसरा धरण्याची क्षमता, पणाला लागते. कागद-पेन्सिलीच्या जुन्या क्रमजोड चाचणीचेच हे रूप असले, तरी प्रत्येक स्पर्शाची वेळ नोंदली जात असल्याने बोट नेमके कुठे अडखळले तेही दिसते. हे अ‍ॅप बॉस्टनबरोबरच भोपाळ आणि बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधनातही वापरले गेले आहे.

घरीच, वरचेवर घेता येणाऱ्या अशा चाचणीतून रुग्णाची तुलना इतरांशी नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या मागील आठवड्यांशी करता येते. एकदाच घेतलेल्या चाचणीला हे जमत नाही. मात्र सरावाने गुण आपोआप वाढतात, जुन्या फोनचा पडदा स्पर्शाला उशिरा दाद देतो, औषधांमुळे हात थरथरतो, आणि घरात टीव्ही चालू असला तर लक्ष विचलित होते. फोन हाताळण्याची सवय नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर आजार मोजला जातो की अपरिचय, हेच ठरवणे अवघड होते. खाजगीपणाचा प्रश्नही क्षुल्लक नाही. माहिती कोण पाहणार, हे रुग्णाला आधी समजेल अशा भाषेत सांगितलेच पाहिजे.

तूर्त हे साधन निदानाचे नव्हे, केवळ निरीक्षणाचे आहे. त्यामुळे गुण घसरलेले दिसले म्हणून कुटुंबीयांनी औषधाची मात्रा परस्पर बदलू नये. ती नोंद उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवावी.