बेवारस टायरांची वाहतूक व विल्हेवाट

मुंबई-गोवा महामार्ग पेण तालुक्यात वडखळवरून पुढे जातो आणि रोहा तालुक्यातील नागोठणे व कोलाड ही गावे मागे टाकून दक्षिणेकडे उतरतो. रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे. या साऱ्या भागात अवजड वाहनांची ये-जा अखंड चालते; आणि जेथे वाहने तेथे झिजलेले टायर हे ओघानेच आले. त्यांतील काही पुन्हा रबर चढवून वापरले जातात, काही भंगारात विकले जातात. परंतु काही टायर रात्रीच्या वेळी पुलाखाली, ओढ्याच्या काठी अथवा खाडीच्या बांधावर टाकून दिले जातात. असा ढीग गावाच्या शिवेत, पुष्कळदा शाळेच्या वाटेवरच येऊन पडतो. तो कोणी व कसा हलवावा, याविषयी शासनाने नियम केले आहेत. ग्रामीण शिक्षकांना त्यांची माहिती असणे अगत्याचे आहे.

टायर कुजत का नाही?

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत कडक होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला असे आढळून आले की, रबरात गंधक मिसळून त्यास उष्णता दिली असता ते टिकाऊ व लवचिक बनते. गंधकामुळे रबराचे लांब रेणू एकमेकांस जखडले जातात. आजच्या टायरात नैसर्गिक व कृत्रिम रबर, काजळी, पोलादी तारा आणि नायलॉनसारखे धागे असतात. जे गुण रस्त्यावर उपयोगी पडतात तेच टाकून दिल्यावर बाधक ठरतात. असा टायर मातीत कुजत नाही, वितळवून पुन्हा ओतता येत नाही आणि पुरला तरी तसाच राहतो.

पाणी आणि डास

टायर कसाही ठेवला तरी त्याच्या पोकळीत पाणी साठते, व ते ओतून टाकणे सोपे नसते. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हा पावसाळ्याचे चारही महिने टाकलेला टायर म्हणजे सावलीतील लहानसे डबकेच होय. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासांना असे स्वच्छ, स्थिर व अंधारे पाणी विशेष मानवते. अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे ८ ते १० दिवस पुरतात. पाणी आटले तरी आत चिकटलेली अंडी कित्येक महिने कोरडी राहू शकतात व पुढच्या पावसात फुटतात.

यातूनच वाहतुकीच्या नियमांचे महत्त्व ध्यानात येते. एका गावचा टायर दुसऱ्या गावी नेला म्हणजे त्यातील अंडीही तेथे जातात. एडिस अल्बोपिक्टस हा आशियातील डास १९८५ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात वस्ती करून असल्याचे आढळले. जुन्या टायरांच्या व्यापाराबरोबर तो समुद्र ओलांडून गेला होता. आणखी एक गोष्ट शिक्षकांनी विसरू नये. हे डास दिवसा चावतात, म्हणजे मुले शाळेत असतात त्याच वेळी.

अग्नी आणि धूर

टायरातील तारा काढण्यासाठी, शेकोटीसाठी, शिमग्याच्या होळीत किंवा भट्टीत इंधन म्हणून टायर जाळण्याचा मोह अनेकांना होतो. जळत्या टायरातून कार्बन मोनॉक्साइड, गंधकाचे वायू, बेंझीन आणि कर्करोगास कारण होणारी इतर द्रव्ये बाहेर पडतात. वितळलेले तेल ओढ्या-विहिरींकडे झिरपते. मोठा ढीग एकदा पेटला की तो विझवणे अतिशय कठीण असते. कॅनडातील हेगर्सव्हिल येथे फेब्रुवारी १९९० मध्ये एक कोटीहून अधिक टायरांचा साठा पेटला व तो १७ दिवस जळत होता. आपल्या राज्यात नांदेड येथील प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने २०१४ साली उघड्यावर व सार्वजनिक जागी टायर जाळण्यास मनाई केली.

नियम काय सांगतात?

केंद्र शासनाच्या २०१६ च्या धोकादायक व इतर कचरा व्यवस्थापन नियमांत टाकाऊ टायरांची गणना ‘इतर कचरा’ या वर्गात होते. या नियमांनी कामाचा क्रम घालून दिला आहे : प्रथम कचरा होऊ न देणे, मग तो कमी करणे, पुन्हा वापरणे, त्यापासून नवी वस्तू बनवणे, त्यातील उष्णता वा द्रव्य मिळवणे आणि सर्वांत शेवटी सुरक्षित विल्हेवाट.

वाहतुकीविषयी नियमांचा रोख असा की, माल कोणाकडून निघाला, कोणी नेला व कोणास पोचला हे लेखी असावे. त्यासाठी नमुना १० मधील वाहतूक-पत्र ठरवून दिले असून पाठवणाऱ्याने त्याच्या ७ प्रती तयार करावयाच्या असतात. वाहनास १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील तरतुदीही लागू आहेत.

जुलै २०२२ मध्ये या नियमांत दुरुस्ती होऊन टायर तयार करणाऱ्यांवर व आयात करणाऱ्यांवर जबाबदारी टाकण्यात आली. २०२०-२१ मध्ये केलेल्या वा आणलेल्या नव्या टायरांच्या ३५ टक्के इतक्या मालाची विल्हेवाट २०२२-२३ मध्ये लावणे त्यांस बंधनकारक झाले. पुढील वर्षी हे प्रमाण ७० टक्के व २०२४-२५ मध्ये १०० टक्के झाले. त्यासाठी त्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्चक्रण कारखान्यांकडून प्रमाणपत्रे घ्यावयाची असतात. अशा कारखान्यांत टायरांपासून पुनर्प्राप्त रबर, रबराचा चुरा व रस्त्याच्या डांबरात मिसळण्याचे द्रव्य तयार होते.

खाडीलगतच्या गावांसाठी आणखी एक बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनात कचरा व राडारोडा टाकण्यास मनाई केली असून कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित ठरवला आहे. पेण तालुक्यातील खारभूमीत याचे महत्त्व मोठे आहे. भरतीबरोबर वाहत आलेला टायर बांधाच्या उघाडीत अडकला, तर पाण्याचा निचरा अडून शेताचे नुकसान होते.

ढीग आढळल्यास काय करावे?

१. मुलांकडून टायर उचलवून घेऊ नयेत. ढिगात साप-विंचू असतात व तुटलेल्या तारा हातात घुसतात.

२. जागा, तारीख आणि लहान-मोठ्या टायरांची अंदाजे संख्या लिहून ठेवावी. कोणी टायर टाकताना दिसल्यास वाद न घालता वाहनाचा क्रमांक टिपावा.

३. ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. गावची स्वच्छता हे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार तिचे काम आहे. एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रास द्यावी. जागा कांदळवनाची वा जंगलाची असल्यास वनखात्यास, आणि पेण वा रोहा शहरातील असल्यास तेथील नगरपरिषदेस कळवावे.

४. टायर उचलले जाईपर्यंत त्यांतील पाणी मोठ्या माणसांकरवी काढून टाकून ढीग ताडपत्रीने झाकावा. ढिगाजवळ विस्तव नेऊ नये.

५. उचलताना माल नोंदणीकृत कारखान्याकडे जात आहे याची ग्रामपंचायतीने खात्री करून घ्यावी. भरताना मोजलेली संख्या व पोचपावतीवरील संख्या जुळली पाहिजे. ‘कोणीतरी टेम्पो भरून नेले’ एवढ्याने काम संपत नाही. तोच टेम्पो पुढच्या गावच्या ओढ्यात रिकामा झालेला असू शकतो.

शाळेच्या आवारातील टायर

अनेक शाळांनी जुने टायर रंगवून झोपाळे, कुंड्या व कुंपणे केली आहेत. पुन्हा वापर या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र प्रत्येक टायरास तळाशी पाणी निघून जाईल अशी भोके पाडावीत, अर्धवट पुरलेल्या टायरांची पोकळी मातीने भरून घ्यावी व तारा दिसू लागलेला टायर काढून टाकावा. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून टायर, कुंड्या व पिंपे तपासावीत. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांनी मोठ्यांसमवेत आपल्या घराभोवती पाणी साठणाऱ्या वस्तू मोजून तक्ता करावा. पुढील आठवड्यात पुन्हा मोजणी केली म्हणजे आकडा किती उतरला हे त्यांस स्वतःच कळेल.

टायर नजरेआड झाला म्हणजे त्याची विल्हेवाट लागली, असा समज सर्वत्र आहे. तो कोठे पोचला याचा कागद हाती आला, तरच विल्हेवाट लागली असे म्हणता येते. हा फरक मुलांना लहानपणीच समजला, तर मोठेपणी त्यांच्यापैकी कोणी वाहनचालक होईल, कोणी दुकानदार, कोणी सरपंच; आणि पुलाखालचा ढीग कमी होण्यास तेथूनच आरंभ होईल.