परदेशी पदवी आणि देशी पाटी

गेल्या महिन्यात कैनाडजवळचे एक चिकूवाडीवाले मुलाला घेऊन दवाखान्यात आले. तक्रार कोणाचीच नव्हती. हातात एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक होते. मुलाने बारावीनंतर 'नीट' दिली होती. तो पात्र ठरला होता, पण सरकारी कॉलेजात जागा मिळण्याइतके गुण नव्हते. एका एजंटाने परदेशातील एमबीबीएस सुचवले होते. पत्रकावर ठळक अक्षरात छापले होते, 'जगभर मान्यताप्राप्त पदवी'. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वाडीचा अर्धा भाग गहाण ठेवायची तयारी आहे. तुम्ही एवढंच सांगा, ही पदवी इथं चालेल ना?"

हा प्रश्न आता डहाणू-तलासरीतल्या बऱ्याच घरांत विचारला जातो. म्हणून आजचा लेख रोगाविषयी नाही, डॉक्टरांच्या पदवीविषयी आहे. उत्तर आधीच सांगतो. जगभर आपोआप मान्य होणारी डॉक्टरकीची पदवी अस्तित्वात नाही.

पदवी वेगळी, नोंदणी वेगळी

पदवी विद्यापीठ देते. रोग्याला तपासून औषध लिहून देण्याचा अधिकार मात्र नोंदणीने मिळतो आणि नोंदणी ज्या त्या देशाची वैद्यक परिषद करते. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल करते. देशपातळीवर पूर्वी भारतीय वैद्यक परिषद होती, सप्टेंबर २०२० पासून तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आहे.

आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात लागते. आपले किती तरी रुग्ण वापी-वलसाडला जातात. महाराष्ट्रातल्या डॉक्टरला तिकडे कायमचा दवाखाना घालायचा असेल, तर तिथल्या कौन्सिलात नाव घालून घेण्याची रीत आहे, पण परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. देशाची सीमा ओलांडली की मात्र हिशेब बदलतो.

ही कहाणी जुनी आहे

आनंदीबाई जोशी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील कल्याणात जन्मल्या. १८८६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आपल्या रुग्णालयात नेमले. दुर्दैवाने काम सुरू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. त्या काळी मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदणीच नव्हती. तो कायदा १९१२ साली आला.

मुंबई विद्यापीठाच्या पदवीला तेव्हा विलायतेत मान्यता होती. पण आपल्याकडे बाळंतपणाचे शिक्षण पुरेसे होत नाही, असा तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलचा आक्षेप होता. इथली कॉलेजे कोणी तपासायची यावरून वाद वाढला आणि १९३० साली कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. आक्षेपात काही तथ्य होतेच, पण आपली कॉलेजे परक्यांनी तपासावीत हे इथल्या पुढाऱ्यांना मानवणारे नव्हते. यातूनच १९३३चा कायदा आणि आपली स्वतःची वैद्यक परिषद उभी राहिली. पुढे १९५६च्या कायद्यात परस्पर मान्यतेचे तत्त्व आले. तुम्ही आमची पदवी माना, आम्ही तुमची मानू, असा तो व्यवहार होता.

स्वातंत्र्यानंतर हजारो भारतीय डॉक्टर इंग्लंडला गेले. कोळशाच्या खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांत जायला तिथले डॉक्टर नाखूश असत. तिथे आपल्या लोकांनी दवाखाने चालवले. १९७५ साली ब्रिटनने पुन्हा दार अरुंद केले आणि परीक्षा लावली. तीच पुढे 'प्लॅब' म्हणून ओळखली गेली. आपण २००८ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांच्या पदव्युत्तर पदव्यांना मान्यता दिली. त्यांनी मात्र आपल्या पदव्यांना तशी सरसकट मान्यता दिलेली नाही. याला परस्पर कसे म्हणावे?

फॅमिली डॉक्टर म्हणजे कोण?

युरोपीय संघातील देशांनी हा प्रश्न बराचसा सोडवला. १९८६ साली त्यांनी ठरवले की फॅमिली डॉक्टरला मूळ पदवीनंतर वेगळे प्रशिक्षण हवे. १९९५ पासून सरकारी विमा योजनेत काम करायला ते सक्तीचे झाले. आज त्याची मुदत किमान तीन वर्षे आहे. सर्वांनी एकच किमान माप मान्य केल्यामुळे एका देशाचा फॅमिली डॉक्टर दुसऱ्या देशात नोंदणी करू शकतो. म्हणजे आधी माप सारखे केले, मग दार उघडले.

आपल्याकडे एमबीबीएस आणि एक वर्षाची इंटर्नशिप झाली की दवाखान्याची पाटी लावता येते. मीही तसाच बसलो. माझा एक वर्गमित्र मात्र इंग्लंडला गेला. आधी परीक्षा, मग रुग्णालयातल्या नोकऱ्या, मग फॅमिली डॉक्टरचे स्वतंत्र प्रशिक्षण, असे करत त्याला पाटी लावायला बरीच वर्षे लागली. दोन वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला होता. मी थट्टेने विचारले, "तुझ्या गावी मला ठेवशील का?" तो हसून म्हणाला, "तुझ्या तीस वर्षांना तिथे कागद नाही रे!"

वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण त्याच दुपारी एक बाई पोरीला घेऊन आली. पोरगी रात्री जमिनीवर झोपली होती. सकाळपासून पोट दुखत होते, पापण्या जड झाल्या होत्या आणि अंगावर दंशाची खूण नव्हती. मी मण्यार ओळखली आणि तिला तातडीने सरकारी रुग्णालयात प्रतिसर्पविषासाठी पाठवले. पोरगी वाचली. मित्र म्हणाला, "मी पोटदुखीचं औषध दिलं असतं." सर्पदंश, मलेरिया हे आपल्या भागाचे आजार लीड्सच्या दवाखान्यात सहसा दिसत नाहीत. तसेच तिथले वृद्धांचे आजार आणि तिथली भाषा मला शिकावीच लागेल. म्हणून परीक्षा हा अपमान नव्हे. ती रोग्याची ढाल आहे. मात्र ती सर्वांना सारखी लागू व्हावी आणि अनुभवालाही काही मोल असावे.

पालकांनी काय पाहावे?

परदेशी पदवी घेऊन येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला २००२ पासून इथे चाळणी परीक्षा द्यावी लागते. ३०० पैकी १५० गुण हवेत. बऱ्याच सत्रांत दर पाच जणांत एक-दोनच उत्तीर्ण झाले आहेत. नोव्हेंबर २०२१च्या नियमांप्रमाणे पुढील गोष्टी तपासून घ्या.

१. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि एकाच संस्थेतला असावा.
२. त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हावी.
३. शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असावे.
४. त्या पदवीवर त्या देशात, तिथल्या नागरिकांप्रमाणेच, व्यवसायाची नोंदणी मिळत असावी.
५. परतल्यावर इथली परीक्षा आणि आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप आहेच. तेवढी वर्षे घरखर्च कसा चालेल, याचा हिशेब आजच करा.

२०२३ साली आपल्या आयोगाला जागतिक वैद्यक शिक्षण महासंघाची मान्यता दहा वर्षांसाठी मिळाली. याचा अर्थ एवढाच, की आपल्या मुलांना अमेरिकेसारख्या देशांच्या परीक्षेला बसण्याचा मार्ग मोकळा राहिला. परीक्षा माफ झालेली नाही. एजंट याचा भलताच अर्थ सांगतील, त्याला भुलू नका. नियम बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी आयोगाची ताजी सूचना स्वतः वाचा.

आणि रुग्णांनीही लक्षात ठेवावे. पाटीवर परदेशी अक्षरांची कितीही लांब माळ असली, तरी विचारायचा तो नोंदणी क्रमांक. तो विचारण्यात डॉक्टरचा अवमान नाही. माझा क्रमांक माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर छापलेला आहे.

त्या वाडीवाल्यांना मी पाचही मुद्दे कागदावर लिहून दिले आणि म्हटले, "भाऊ, याची उत्तरं एजंटाकडून लेखी घ्या. मिळाली तर पुढचं बोलू." अजून ते परत आलेले नाहीत. वाडी मात्र अजून गहाण पडलेली नाही, असे कळते.