मत्स्यशेतीतील पाणबुडे

मत्स्यशेतीतील पाणबुडे : समुद्रात तरत्या चौकटींना जाळी टांगून केलेल्या पिंजऱ्यांची पाण्याखालील देखभाल करणारे व्यावसायिक पाणबुडे. नॉर्वे व स्कॉटलंड येथे १९७० च्या सुमारास सामन माशांची पिंजऱ्यांतील शेती व्यापारी स्वरूपात सुरू झाली आणि तिच्याबरोबर हा व्यवसायही वाढला.

जाळ्याच्या तळाशी साचलेले मृत मासे काढणे, जाळ्यातील भोके शिवणे व नांगरांच्या साखळ्या तपासणे ही मुख्य कामे होत. मृत मासे राहिले, तर रोग पसरतो. भोक राहिले, तर मासे निसटतात. साहजिकच काम लांबणीवर टाकता येत नाही.

पिंजरे फार खोल नसल्यामुळे हे काम निर्धोक वाटते. परंतु हा समज चुकीचा आहे. समुद्रात दर १० मी. खोलीस दाब सुमारे एक वातावरणाने वाढतो, २० मी. वर तो पृष्ठभागावरील दाबाच्या तिप्पट असतो. अशा दाबाखाली श्वसनातील नायट्रोजन रक्तात व ऊतकांत अधिक विरघळतो. वर येताना दाब झपाट्याने उतरला, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, बधिरता, प्रसंगी पक्षाघातही उद्‍भवतो. पाणबुडे यास ‘बेंड्स’ म्हणतात. मत्स्यशेतीत पाणबुड्या एका पिंजऱ्यातून वर येतो, कड ओलांडून दुसऱ्यात उतरतो आणि हे दिवसातून अनेकदा घडते. नीलांतील बुडबुडे एरवी फुप्फुसांत अडतात. पुन्हा खाली गेल्यावर मात्र ते दाबाने आकसतात आणि फुप्फुसांतून निसटून रोहिण्यांत शिरू शकतात. म्हणून केवळ खोली व वेळ पाहणारी नेहमीची कोष्टके येथे पुरत नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट लिंकन येथे १९९० च्या दशकात ट्यूना माशांच्या शेतीवरील अनेक पाणबुड्यांना या विकारासाठी दाबकक्षात उपचार घ्यावे लागले.

यामुळे एका पाणबुड्यास दिवसात किती पिंजरे द्यावयाचे व त्याने किती वेळा वर यावयाचे, हे आधी ठरविणे हाच व्यवस्थापनाचा गाभा होय. ब्रिटनमधील १९९७ च्या नियमांनुसार कामाची योजना आधी तयार करावी लागते, पर्यवेक्षकाची नेमणूक लेखी असावी लागते आणि काम चालू असताना त्याने स्वतः पाण्यात उतरावयाचे नसते. माणूस कमी पडला, की पर्यवेक्षकानेच पोशाख चढवावा असा मोह होतो. मग वेळ मोजणारा व संकटात निर्णय घेणारा वर कोणीच उरत नाही. राखीव पाणबुड्याही तयार ठेवावा लागतो. शिवाय मासे उपसणारे पंप व जवळच्या नौकांचे पंखे बुडीपूर्वी बंद करून ते कोणी सुरू करणार नाही अशी तजवीज करतात, कारण पंपाच्या ओढीतून सुटणे जवळजवळ अशक्य असते.

तळाशी साचलेले मासे हवेच्या साहाय्याने नळीतून वर आणणारी यंत्रणा व दूरनियंत्रित कॅमेरे यांमुळे बुड्यांची गरज कमी झाली आहे. फाटलेले जाळे शिवण्यास व गुंतलेले दोर सोडविण्यास मात्र अजूनही बहुधा माणूसच उतरतो.