छापलेली ओवी आणि ऐकलेली ओवी

ओवी ही मुळांत वाचावयाची वस्तु नव्हे, ही साधी गोष्ट सुशिक्षित समाजाच्या ध्यानांत यावयास फार उशीर लागला. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, असा स्पष्ट निर्देश आहे. ज्ञानेश्वरी इ. स. १२९० ची. म्हणजे तिच्या आधीं निदान दीडशें वर्षें तरी ओवी बायकांच्या कंठांत आणि मनगटांत होती. तथापि शाळांतून ओवी शिकविली जाते ती साडेतीन चरणांची, ग्रंथांतली. पहांटे पडवींत जात्याबरोबर जी उठत असे, तिला छंदांच्या तासाला कोणी दारांतहि उभें करीत नाहीं.

ही कंठांतली ओवी कागदावर उतरविण्याचे उपकार ज्यांनीं केले, त्यांत आमच्या कोंकणांतील पालगडचे सुपुत्र साने गुरुजी अग्रभागीं आहेत. त्यांचें ‘स्त्रीजीवन’ प्रत्येक घरांत असावें व वाचलें जावें. परंतु छापील ओवीला एक मर्यादा आहे, आणि ती संग्राहकाची नसून कागदाची आहे. तीच ओवी एक जण दोन लांब ओळींत लिहितो, तर दुसरा चार आंखूड चरणांत मांडतो. गाणारी कोठें थांबली, कोणता शब्द तिनें ओढला, हें डोळ्यांना कळावें कसें? ‘बाई’, ‘गं’ असे जे शब्द ती मध्येंच घालते, ते छापतांना बहुधा गळतात, कारण अर्थाला त्यांची गरज नसते. जात्याच्या फेऱ्याला मात्र असते. खुंटा दूर लोटावयाचा आणि पुन्हां जवळ ओढावयाचा, या दोहोंत दम सारखा लागत नाहीं; तेवढें अंतर भरून काढावयास तो ‘गं’ येतो. लघुगुरु मोजणाऱ्या पंडिताच्या हातीं तो कधीं सांपडावयाचा नाहीं.

म्हणूनच अलीकडील ध्वनिमुद्रणांचें महत्त्व आम्हांस ग्रंथांहून कमी वाटत नाहीं. पुण्याच्या हेमा राईरकर व फ्रान्समधून येऊन येथेंच राहिलेले गी पॉइतवाँ, या दोघांनीं मावळ-मुळशीच्या डोंगरी गांवांपासून जात्यावरचीं गाणीं गोळा करण्यास आरंभ केला. पुढें हजाराहून अधिक गांवांतील तीन हजारांवर स्त्रियांकडून एक लक्षाहून जास्त ओव्या जमल्या. पैकीं बहुतेक लिहून घेतलेल्या. पण बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीतसंशोधकाच्या साहाय्यानें १९९३ ते १९९८ या काळांत शंभराहून अधिक तासांचें मुद्रणहि झालें. पॉइतवाँ २००४ सालीं आणि राईरकर २०१० सालीं निवर्तल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहानें हीं गाणीं गाणाऱ्या स्त्रियांच्या नांवगांवासह सर्वांस विनामूल्य ऐकावयास ठेविलीं, आणि जुन्या गाणारणींचा शोध घेऊन कांहीं नवीं मुद्रणेंहि केलीं. नांवगांव हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहों. ‘अपौरुषेय’ म्हणून ज्या वाङ्मयाचा गौरव होत आला, त्याला कर्त्री होतीच. तिचें नांव कोणी विचारलें नव्हतें, इतकेंच.

परभणी जिल्ह्यांतील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचें १९९६ सालचें मुद्रण संस्कृतज्ञ वाचकांनीं आवर्जून ऐकावें. विषय सीतेच्या वनवासाचा. भवभूतीनें ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकांत सीतेला अदृश्य ठेवून तिला रामाचा शोक ऐकविला, आणि शेवटीं दोघांची भेट घडवून आणली. जात्यावरच्या सीतेला हें भाग्य नाहीं. तेथें राम दूर आणि अरण्य जवळ. गाणाऱ्या बाया सीतेच्या बाजूला बसलेल्या. मैफलीच्या मापानें हा आवाज मोजूं नये. भवभूति आम्हांस प्रिय आहे, पण त्याच्या शेवटाविषयीं मनांत जी शंका राहून जाते, ती येथें मोठ्यानें उच्चारलेली ऐकूं येते.

हातचें काम गेलें कीं त्यावरचें गाणें पोरकें होतें, हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीज नांवाचीं बेटें आहेत. तेथील बायका हातमागाचें नवें लोंकरी कापड भिजवून, फळीभोंवतीं बसून, तें घट्ट होईपर्यंत तालावर आपटीत. एकीनें ओळ म्हणावयाची, बाकीच्यांनीं ध्रुपद धरावयाचें, भाषा गेलिक. यंत्रें आलीं आणि तें आपटणें थांबलें. परंतु एडिंबरो विद्यापीठानें १९५१ सालीं स्कॉटिश अध्ययनासाठीं स्वतंत्र संस्था काढली, तिच्या संशोधकांनीं म्हाताऱ्या गाणारणींचे आवाज मुद्रित केले, आणि २०१० पासून तो ठेवा कोणासहि घरबसल्या ऐकतां येतो. त्या ऑनलाइन संग्रहाच्या गेलिक नांवाचा अर्थ ‘वारशाची विहीर’ असा आहे. २०११ च्या खानेसुमारींत स्कॉटलंडमध्यें गेलिक बोलणारे सुमारें ५७ हजार भरले. त्याच वर्षीं भारतांत मातृभाषा मराठी सांगणारे आठ कोटींहून अधिक होते. आपल्या निश्चिंतपणाचें मूळ बहुधा या दुसऱ्या आंकड्यांत असावें.

असेंच एक कापड आपटण्याचें जुनें गाणें १९९२ सालीं एका स्कॉटिश वाद्यवृंदानें आधुनिक वाद्यांवर गाइलें, आणि तें ब्रिटनमध्यें सर्वांत खपणाऱ्या चाळीस मुद्रणांत जाऊन बसलें. अशा साजाचें आम्हांस वावडें नाहीं. तरुणांचे कान त्यानें वळत असतील तर वळोत. मात्र आपल्याकडे ओवीवर तबला-पेटी चढविली कीं ती बिनचूक आठ मात्रांत चालूं लागते, आणि खुंट्याची ती असमान ओढ पार नाहींशी होते. साज मागाहून चढवितां येतो. उघडा आवाज आधीं हातीं पाहिजे.

आमच्या रत्नागिरींत पिठाची गिरणी येऊन पुष्कळ वर्षें लोटलीं. जातें माळ्यावर नाहीं तर मागील दारीं पडलेलें असतें. लग्नमुंजींत घाणा भरावयाच्या दिवशीं त्याला धुऊन हळदकुंकू लागतें, आणि घरांतील नव्वदीची आजी चारदोन ओव्या म्हणते. मोबाइल लगेच पुढें सरसावतात. पण मांडवांत ध्वनिक्षेपक चालू असतो, मुलें ओरडत असतात, आणि नंतर पाहावें तों आजी दिसते, ऐकूं येत नाहीं.

तेव्हां आमच्या मतें हें काम कार्याच्या गर्दींत करूंच नये. एखाद्या निवांत दुपारीं पंखा बंद करावा, जातें मांडावें, आणि आजीपुढें सुपांत मूठमूठ तांदूळ ठेवावे. नुसतें ‘आजी, गाणें म्हणा’ म्हटल्यानें जी ओवी आठवत नाहीं, ती खुंट्याला हात लागतांच आठवते, असा अनुभव पुष्कळ घरांत येतो. शब्द चुकला तर दुरुस्त करूं नये. तो पाठभेद असेल. आजीचें माहेरचें नांव, माहेरचें गांव आणि ओवी कोणाकडून आली, हें त्याच मुद्रणांत तिच्याच तोंडून वदवून घ्यावें. आई, आत्या, कीं दळणकांडणास येणारी बाई? हा प्रश्न आमच्या वाचकांनीं आपल्या घरीं संकोच न धरतां विचारावा, कारण जात्यापाशीं दोघी समोरासमोर बसत आणि एका घरची ओवी दुसऱ्या घरीं जाई ती बहुतेक त्या खुंट्यावरूनच. आणि दळण संपलें म्हणून यंत्र लगेच बंद करूं नये. पीठ भरतां भरतां आजीला हटकून आणखी एक आठवते.