पापणीवरील फेरशस्त्रक्रिया

खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून दूर झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. तथापि पूर्वीच्या वारंवार संसर्गाचे व्रण अनेक वृद्धांच्या पापण्यांच्या आतील बाजूस राहून गेले आहेत. हे व्रण आकसले की पापणीची कड आत वळते व केस बुबुळावर घासू लागतात. पापणीला छेद देऊन कड बाहेर वळविणे, हा त्यावरील मुख्य उपाय होय.

एकदा शस्त्रक्रिया झाली म्हणजे डोळा सुरक्षित झाला, हा समज मात्र बरोबर नाही. पहिल्या काही महिन्यांतच केस पुन्हा टोचू लागल्यास कड पुरेशी वळलेली नसणे किंवा टाके असमान पडणे, ही कारणे संभवतात. पुढे काही वर्षांनी त्रास उद्भवल्यास व्रण आकसण्याची क्रिया चालूच असल्याचे समजावे. क्वचित कड प्रमाणाबाहेर वळून डोळा पूर्ण मिटत नाही, तोही दोषच.

फेरशस्त्रक्रिया पहिलीहून अवघड असते, कारण ऊतक आखडलेले असते. म्हणून ती अनुभवी नेत्रशल्यविशारदाकडूनच व्हावी. पुष्कळ रुग्ण "एकदा करून पाहिले, गुण आला नाही" असे म्हणून घरीच चिमट्याने केस उपटीत राहतात. पुन्हा उगवणारे आखूड केस टोचतच राहतात, आणि बुबुळावर एकदा पडलेला पांढरा डाग पापणी सुधारल्यानेही जात नाही.